जरा चौकशी करायची होती

“तुमच्याकडे बाळ सांभाळतात त्या मावशींबद्दल जरा चौकशी करायची होती,” फोनवरची अनोळखी बाई म्हणाली. “रविवारी आमच्याकडे मुलाखतीला येऊन गेल्या. चोवीस तास राहायची तयारी आहे म्हणाल्या. तुमचा नंबर त्यांनीच दिला.”

ढब्बूच्या आईने मान वर करून मावशींकडे पाहिलं. रविवारी मावशी “बहिणीकडे जाऊन येते” म्हणून गेल्या होत्या. आत्ता त्या समोरच बसून ढब्बूला कुस्करलेलं केळं भरवत होत्या, आणि ढब्बू त्यातलं निम्मं त्यांच्याच बाहीला पुसत होता. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नवरा लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसला होता. “ऑफिसचा आहे,” असं कुणी न विचारताच सांगून ती फोन घेऊन बेडरूममध्ये गेली आणि दार लावून घेतलं.

“हं, बोला.”

“अहो, आमची जुळी आहेत. बायका बघून बघून डोकं फिरलंय माझं. एकीला रात्री उठायचं नाही, एकीला कुत्र्याची भीती. एक तर मलाच म्हणाली, तुम्ही घरी असणार का? मग नको. या मावशी मात्र बऱ्या वाटल्या. कशा आहेत हो?”

कशा आहेत! ढब्बूला मावशींच्या खांद्याशिवाय झोप येत नव्हती. त्याला ताप आला की आधी मावशींना कळायचं, मग थर्मामीटरला. आणि आता कुठे तिची रजा संपून ऑफिसने ढीगभर काम गळ्यात मारलं होतं. मावशी गेल्या तर या घराचे तीनतेरा वाजणार होते.

“ठीक आहेत,” ती म्हणाली.

“ठीक म्हणजे? स्वच्छता वगैरे?”

“बरी आहे.”

“चिडत-बिडत नाहीत ना मुलांवर?”

“तसं… मी काही दिवसभर घरात नसते.”

पलंग ते कपाट, कपाट ते पलंग, तिच्या येरझाऱ्या चालल्या होत्या. कपाटाचं दार तिने उगाचच उघडलं, उगाचच लावलं. मग आवाज खाली आणला. माणूस घाबरला की भलत्याच जिव्हाळ्याने बोलतो.

“तुम्हीही आई आहात म्हणून सांगते हं. आमचा मुलगा पडला होता त्यांच्या हातून. स्वयंपाकघरात, ओट्यावरून. भुवईवर टाके घालावे लागले.”

बोलून गेली खरी. पण ढब्बूला ओट्यावर बसवलं होतं तिने, आणि त्याच्याकडे पाठ करून फोन बघत उभी होती तीही तीच. मावशी तेव्हा गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. रडणं ऐकून धावत आल्या, ढब्बूला उचललं. नवरा आत आला तेव्हा तो मावशींच्या कडेवर होता. “लक्ष कुठे होतं तुमचं?” असं तो मावशींवर खेकसला. मावशींनी तिच्याकडे पाहिलं. ती काही बोलेल म्हणून जरा थांबल्या. मग म्हणाल्या, “चुकलं, साहेब.” त्या दिवशी ती नुसती गप्प बसली होती. आज तिने ते स्वतःच्या तोंडाने म्हटलं.

“हो हो, ते सांगितलं त्यांनी,” फोनवरची बाई सहज म्हणाली.

“काय सांगितलं?”

“हेच की. बाळ माझ्या हातून पडलं होतं म्हणाल्या. ताईंना फोन केलात की कळेलच, म्हणून मीच आधी सांगते. आमच्या सासूबाई तर खूशच झाल्या. कोण हो असं आपण होऊन सांगतं? मला फक्त खरं बोलल्या की नाही ते बघायचं होतं. आता तुम्हीही तेच म्हणालात. झालं माझं काम. त्यांनाच घेतो आम्ही.”

ती पलंगाच्या कडेवर बसली. तिने स्वतःच्या हाताने मावशींना घराबाहेर काढलं होतं.

“का सोडतायत… ते काही बोलल्या?”

“बोलल्या ना. बाळ पडल्यापासून साहेबांचा विश्वास उडालाय म्हणाल्या. बाळाला हात लावला की मागून सूचना. मूल सांभाळायचं आणि तेही चोरासारखं, ते नाही सोसत.”

“आणि माझ्याबद्दल?”

“तुमच्याबद्दल कुठे काय! ताई चांगल्या आहेत म्हणाल्या. जरा घाबरट आहेत, एवढंच.”

“एक मिनिट, ऐका ना,” ती घाईघाईने म्हणाली. पण तिकडे एक जुळं रडायला लागलं, त्याचं ऐकून दुसरं, आणि “थँक्यू हं” म्हणत त्या बाईने फोन ठेवला.

ती बाहेर आली. मावशी केळ्याने माखलेल्या ढब्बूला कडेवर घेऊन उभ्या होत्या.

“त्यांचाच फोन ना?” मावशींनी हळूच विचारलं. “मी आज सांगणारच होते, ताई.”

तिने मान हलवली. सांगावं, आत्ताच्या आत्ता सांगून टाकावं, नवरा समोरच आहे, एका वाक्याचं तर काम. तिने नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा.

“याला जरा घेता? हात धुऊन येते,” मावशी म्हणाल्या.

“मावशी, जपून हं,” लॅपटॉपमधून डोकं वर न काढता नवरा म्हणाला. “दोन्ही हातांनी.”

“हो, साहेब.”

तिने हात पुढे केले. मावशींनी ढब्बूला तिच्याकडे दिलं.

“नीट धरलंत ना, ताई?”

ती हो म्हणाली. तरी मावशींनी ढब्बूच्या खालचा आपला हात काढला नव्हता.