कान बांधलेली केळ

मंगळवार, सहा एप्रिल २०२१. सकाळी सात वाजता निशिगंधाने स्वयंपाकघराचा पडदा सारला, तेव्हा परसातली केळ काळी पडलेली होती.

रात्री बर्फ पडून गेला होता. ती तशीच सपाता घालून बाहेर गेली. पानाची नवी सुरळी शिजवलेल्या भाजीसारखी लोंबत होती. तिने खोडावर अंगठा दाबला. अंगठा आत गेला आणि पाणी आलं.

तिच्या माहेरी, सावद्याला, थंडीने केळीची बाग करपली की चरका बसला म्हणतात. अण्णा, तिचे वडील, हा शब्द हलक्या आवाजात उच्चारायचे. जन्मभर त्यांनी केळीच लावल्या होत्या.

इथे परदेशात, बाडहूव्हडॉर्पच्या या घरात, तिने केळ लावली, तेव्हा व्हिडिओ कॉलवर ते हसले होते. "फळ धरत नाही म्हणतेस, मग सांभाळायची कशाला?"

"पान तर येतं ना, अण्णा. नैवेद्याला."

"मग बाळंतिणीसारखी सांभाळ. कान बांध तिचे. वारा लागू देऊ नको."

ऑक्टोबरात अण्णा फोनवर बघत राहिले आणि तिने पानं छाटली, खोडाभोवती जाळी उभी केली, आत पेंढा ठासला, वरून जाड कापड गुंडाळलं. शेवटी अण्णांनी बजावलं, "मी सांगेपर्यंत बाहेर काढायची नाही. एखादा दिवस ऊन पडेल आणि फसवेल." त्यानंतर प्रत्येक फोनवर त्यांचा पहिला प्रश्न एकच असायचा. "बाळंतीण कशी आहे?" मग रात्रीचं तापमान विचारायचे. नातवंडांची चौकशी त्यानंतर. नवरा श्रीकांत चिडवायचा, "सासरेबुवांची खरी लेक परसात आहे."

मार्चच्या शेवटी अण्णांना जळगावला दवाखान्यात हलवलं. कोविड वॉर्डात फोन नेऊ देत नव्हते. बातमी तिच्या धाकट्या भावाला, सतीशला, दारातून कळायची आणि त्याच्याकडून तिला. दिवसभर ती त्याच्या फोनची वाट बघायची. तिने तिकीट बघून ठेवलं होतं. पैसे भरायचे तेवढे बाकी होते. "येऊ की थांबू, ते खरं सांग," ती सतीशला म्हणाली होती. फोन ठेवता ठेवता, उगाचच, "आणि अण्णांना विचार, केळ उघडू का?"

एकतीस मार्चला सतीशचा फोन आला. "ताई, अण्णा बोलले आज. ऑक्सिजन कमी केलाय. तू धावपळ करू नको, तिथेच थांब. आणि हो, केळीचं विचारलं मी. उघड म्हणाले."

त्या दिवशी ऊन भर उन्हाळ्यासारखं पडलं होतं. लोक हिरवळीवर उघड्या अंगाने पसरले होते. ती रडली. तिकिटाचं पान बंद केलं आणि कात्री घेऊन परसात गेली. कुंपणापलीकडून शेजारचा म्हातारा हेंक ओरडला, "फार लवकर करतेयस! इथे मेच्या मध्यापर्यंत कुणी थंडीवर भरवसा ठेवत नाही."

"माझ्या वडिलांनी सांगितलंय," ती म्हणाली. "त्यांना केळीतलं कळतं."

आता ती त्याच जाळीशेजारी उभी होती. पेंढ्यावर बर्फ साचला होता. फसवं ऊन ओळखणाऱ्या माणसाने उघड म्हणून कसं सांगितलं, हे तिला उमजेना. रात्रीचं तापमानसुद्धा न विचारता?

तिने सतीशला फोन लावला. त्याने पहिल्याच रिंगला उचलला.

"बरे आहेत, ताई. झोपलेत. संध्याकाळी सांगतो."

"केळ गेली, सतीश."

"कुठली... हां. जाऊ दे गं. दुसरी आण."

"अण्णा काय म्हणाले होते? अगदी त्यांच्या शब्दांत सांग."

"हेच की. उघड म्हणाले."

"त्याआधी काय म्हणाले?"

"त्याआधी काही नाही. मी विचारलं, ते हो म्हणाले. असं काय करतेस?"

"बाळंतीण कशी आहे, असं विचारलं त्यांनी?"

सतीशने घसा खाकरला. मग जपून, चुकू नये अशा बेताने, त्याने विचारलं,

"कोण बाळंतीण?"

म्हणजे एकतीस मार्चला अण्णा बोललेच नव्हते. फोन कुणीच ठेवला नाही. बर्फ पुन्हा पडू लागला होता.