आतल्या खोलीची कडी

गाडीचा आवाज आला तसं किशोरनं आतल्या खोलीचं दार वढलं आन् बाहेरनं कडी घातली.

“खोकू नको,” तो फटीतनं बायकूला म्हनला.

मोनाली खोकली न्हाई. कॉटवर कुशीवर पडून तशीच ऱ्हायली. उजव्या मनगटाला चिंधीनं ब्रश बांधलेला व्हता, त्याच्या टोकाला निळा रंग वाळत चालला व्हता. संधिवातानं बोटं कवाच वाकडी झालेली. गुडघे बी गेले. मनगट आन् कोपर तेवढं तिचं ऐकायचं, ते बी खिडकीतनं ऊन अंगावर आल्यावर.

बाहेर पुन्याच्या मृण्मयीताई आल्या व्हत्या. चित्रं इकायचा धंदा त्यांचा. धरनाच्या कडंला एका मोठ्या रिसॉर्टात त्यांनी हॉल घेतला व्हता. मोनालीची सगळी चित्रं तितं लागनार व्हती.

“हे पाणी बघा,” ताई म्हनल्या. “असं पाणी कोणालाच जमत नाही. अजून एखादं आहे का हो, किशोर?”

“न्हाई ताई. ह्ये शेवटचं.”

“मागच्या वेळीही असंच म्हणालात.”

“आता खरंच न्हाई.” किशोरनं डोळ्यांना रुमाल लावला.

गाडी गेली. कडी निघाली.

“आज लई कोरडं बोललात,” मोनाली म्हनली.

“मग काय करू? नाचू?”

तो रंगाच्या ट्यूबांपाशी बसला आन् एकेक झाकन सैल करायला लागला. तिच्या बोटांना ती निघायची न्हाईत. पिरंगुटला कंपनीत जायच्या आधी रोज त्याचं ह्येच काम. मग बाहेरनं कुलूप.

माले गावाच्या पार टोकाला घर. खिडकीतनं दिसायचा गोठा आन् एक म्हस. पन मोनाली काढायची धरनाचं पानी. लहानपनी करवंदं येचताना डोंगरावरनं बघितलेलं, तेवढ्याच शिदोरीवर.

समोरच्या भिंतीवर लग्नातला फोटो असायचा. आता नुसता खिळा ऱ्हायला व्हता.

“मला बघायचीत,” ती म्हनली.

“काय?”

“माझी चित्रं. भिंतीवर लागल्याली. लोक बघतानी.”

किशोरच्या हातातली ट्यूब दाबली गेली, निळा रंग भसकन बाहेर आला. “येडी का खुळी तू? कुनी बघितलं म्हंजी?”

“बघितलं तर काय? खाऊन टाकतील?”

“मोने, ह्ये सोडून काय बी माग.”

“दुसरं काय मागू? म्हशीचं त्वांड बघून बघून माझं बी तसंच झालंय.”

किशोर सांडलेला रंग पुसायला लागला.

आधी असं नव्हतं. तो तिला पिरंगुटच्या बाजारात न्यायचा. खुर्चीत बसवून पुढं चित्रं मांडायचा. लोक थांबायचे. तिच्या हाताकडं बघायचे, च्च च्च करायचे. मांडीवर नोट ठेवायचे आन् चित्र तितंच सोडून निघून जायचे. एकानं तर चित्रावरच केळी ठिवली. त्या दिवशी घरी येऊन ती भिंतीकडं त्वांड करून पडली. त्यानंतर बाजारात कुनाला दिसली न्हाई. किशोर एकटाच चित्रं घेऊन फिरायला लागला.

“चला की वो,” ती म्हनली. “त्वांड झाकून न्या. कोन वळखतंय?”

रविवारी शेजारच्या कोंडिबाची रिक्षा आली. किशोरनं तिच्या तोंडाला स्कार्फ गुंडाळला, पोरी गाडीवर बांधत्यात तसा. डोळे तेवढे उघडे. हात शालीखाली.

“सूनबाय, बँक लुटायला निघाली का काय?” कोंडिबा म्हनला.

ती हसली. किशोर न्हाई हसला. वाटंनं तो सारखा मागं वळून बघत व्हता.

गावातलं मानूस त्या रिसॉर्टात झाडू मारायचं सोडलं तर जात न्हाई. वळखीचं कुनी घावलं न्हाई. किशोरनं तिला उचलून हॉलच्या कडंला खुर्चीत ठिवलं.

लोक चित्रांपुढं उभे व्हते. नुसते उभे. एक बाई पुढं गेली, मागं सरली, परत पुढं गेली. एक बाप कडंवरच्या पोरीला सांगत व्हता, “बोट नको लावू, ओलं होईल!” पोरीनं बोट बघितलं, खरंच ओलं झालं का म्हनून.

मोनालीकडं कुनी वळून बी बघितलं न्हाई. तिचे डोळे भरले.

“अरे किशोर! आलात?” मृण्मयीताई जवळ आल्या. “या कोण?”

किशोर दोघींच्या मधी सरला. “मा... मावशी माझी.”

“मावशी, तो फोटोही बघा हं.” ताईंनी शेवटच्या भिंतीकडं वळून हात जोडले.

तितं मोनालीचा लग्नातला फोटो व्हता. पुढं समई तेवत व्हती. फोटोला चंदनाचा हार.

“फार गुणी बाई,” ताई म्हनल्या. “हे कौतुक बघायला असायला हवी होती.” किशोरच्या खांद्यावर थोपटून त्या पाहुन्यांकडं गेल्या.

मोनाली फोटोकडं बघत ऱ्हायली. किशोर तिच्या खुर्चीपाशी मटकन बसला.

“मोने, बास झालं. तुला कोंडून कोंडून माझाच जीव कोंडलाय. आत्ता जातो आन् सांगतो त्यास्नी, बायकू जित्ती हाय म्हून.”

तो उठला. मोनालीनं शालीखालनं वाकडा हात काढला आन् त्याच्या शर्टात आकड्यागत अडकवला.

“गप बसा,” ती म्हनली. “जित्तेपनी मला केळी मिळाली. मेली म्हून सांगा, ह्ये मीच म्हनले व्हते ना? मग तुमी तुमचं रडायचं काम तेवढं नीट करा.”