तरणाबांड

मधुमेहाने आतून पोखरलेल्या बाबांना तिने स्वतः शोधलेलं, उंदरांवर चाचणी चाललेलं म्हातारपण परतवणारं औषध काल गुपचूप टोचलं. आज ते नातवाला खांद्यावर घेऊन नाचले, म्हणून बाळ त्यांच्यावर सोपवून ती हुरूपाने प्रयोगशाळेत आली.

पिंजरे साफ करणारे मामा दारातच म्हणाले, "ताई, तुमचा म्हातारा उंदीर तरणाबांड झालाय, मलाही टोचा की! पण आधी त्याची पिल्लं बघा."

भुसा रक्ताने भिजला होता. चारही पिल्लांचे गळे त्याने चावून फोडले होते.

तिने तडक घरी फोन लावला. "बाबा, बाळ काय करतंय?"



"मघापासून भोकाड पसरलं होतं गं," पलीकडून खणखणीत आवाज आला. "केलं एकदाचं गप्प."