आपल्या माणसाचा भाव

सॉफ्टवेअरमधली नोकरी गेल्यापासून विद्याधरकाका पेनसिल्व्हेनियातल्या एका बंदुकांच्या दुकानात काउंटरवर उभे राहत. तिथे मराठी माणूस कुठला यायला? म्हणून नोव्हेंबरात एका मुलाच्या ड्रायव्हिंग लायसन्सवर ‘पेंढारकर’ वाचलं, तेव्हा काकांना अगदी भरून आलं.

“काका, पिस्तूल मिळेल?” मुलाने अडखळत्या मराठीत विचारलं.

“त्याला एकवीस पूर्ण लागतात रे. पण कायद्याने रायफलला अठरा पुरतात. शिकारीलाच जाणार ना? मग ही पंपची घे. दर गोळीला हाताने मागेपुढे ओढावी लागते, म्हणून हरणांसाठी इथे चालते. ऑटोमॅटिक चालत नाही.”

मुलाने नुसती मान हलवली. किंमत होती चारशे डॉलर. त्याच्या खिशातून निघाले तीनशे. त्याला तसंच परत पाठवणं काकांच्या जिवावर आलं. आपल्या माणसासाठी एवढंही करायचं नाही? त्यांनी स्वतःचा स्टाफ डिस्काउंट लावून टाकला.

“थँक्स, काका,” म्हणत मुलगा भर दुकानात वाकून त्यांच्या पाया पडला. काकांनी तोंडभर आशीर्वाद दिला.

पुढच्या रविवारी महाराष्ट्र मंडळातल्या लोकांबरोबर काका त्याच मुलाच्या फ्युनरलला गेले. कुणीतरी ओळख करून दिली, तशी त्याची आई उठून जवळ आली.

“तुम्ही बंदुकांच्या दुकानात असता ना? मग मला एक सांगा. त्याच्याकडे समर जॉबचे तीनशेच डॉलर होते हो. एवढ्या स्वस्तात कोण देतं रायफल?”