डॉक्टरांच्या मनातला फॉर्म

स्कॅन दाखवायला डॉक्टर मोकाशींनी संगणकाचा पडदा कुमुदकडे वळवला. “तुमचे मिस्टर दोन दिवसांत डोळे उघडतील, वहिनी. अशी हाय खाऊ नका.”

तेवढ्यात स्कॅनशेजारी एक नवा आयकॉन उगवला. हल्ली शॉर्टकट हाताने कोण लावत बसतंय! ज्याने लॉग-इन केलंय त्याच्या मनात जे काम आलं, त्याचा शॉर्टकट संगणकच डेस्कटॉपवर आणून ठेवायचा. कुमुदच्या ऑफिसात तर चार वाजले की चहाच्या ऑर्डरचा आयकॉन हजर.

डॉक्टरांनी घाईघाईने पडदा फिरवला. “जुनं मशीन आहे, काहीही दाखवतं.”

“मृत्यूनोंदीचा फॉर्म मी लांबूनही ओळखते, डॉक्टर,” कुमुद म्हणाली. “नगरपालिकेत तो माझ्याच टेबलावर येतो.”