डोळ्यांवरची पट्टी

चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे नंबर तपासून तो घरी आला, सुपरहिरो कॉमिकचा नवाकोरा अंक वाचला आणि त्याचं टाळकंच सरकलं. 'खवचट' या टोपणनावाने तो फोनवर नव्या कॉमिक्सबद्दल लिहायचा. घरी त्याने हे सांगितलं नव्हतं. बायको आपणहून ओळखेल, म्हणून दोन वर्षं वाट बघत होता.

"डोकं गहाण ठेवलंय का?" हे घरीदारी दहादा तोंडी असलेलं वाक्य त्याने आधी लिहिलं. "हिरोने डोळ्यांवर बोटभर पट्टी बांधली, की दहा वर्षं संसार केलेल्या बायकोलाही तो ओळखू येत नाही! अहो, आवाज तोच, चिडणं तेच, टोमणेसुद्धा तेच. ती बायको आहे की भिंत? पाचपैकी शून्य."

थोड्या वेळाने शेजारी बसलेली बायको फोनकडे बघून खुदकन हसली. "अरे, ऐक ना, हा 'खवचट' काय फर्मास लिहितो! म्हणे, 'डोकं गहाण ठेवलंय का?'"

त्याने आशेने मान वर केली.



"शीक जरा त्याच्याकडून. नाहीतर तुझी आपली रोजची कटकट!"