कुत्र्याची शिकवणी

डेल्मर बोलला, आणि सासूबाई अर्धा चहा तसाच ठेवून उठल्या. शाल तोंडावर ओढून त्या बाहेर निघून गेल्या.

"काय केलंस हे?" व्हर्नाने कपाळाला हात लावला. "नऊ वर्षं पाळलंस, आणि आज थेट आईशी बोललास?"

कॅनडातल्या क्री आदिवासींत जावई सासूशी बोलत नाही, तिच्याकडे बघतही नाही. तो मान असतो. डेल्मरला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण व्हर्नाला पाचवा महिना लागला होता, आणि बाळाशी क्री भाषेतच बोलायचं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. नवराबायको दोघांचीही भाषा मिशनच्या शाळेत वेताने झोडून काढलेली. व्हर्नाचे तर ती ऐकली की अजून ओठ शिवले जात. वस्तीत क्री बोलणारं एकच माणूस उरलं होतं, आणि ती नेमकी त्याची सासू. "मला शिकवा," एवढंच तो म्हणाला होता. आता लाजेने त्याने ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई कुत्र्याला घेऊन चुलीपाशी बसल्या. डेल्मरकडे पाठ करून.

"हा विस्तव," त्या क्रीत कुत्र्याला म्हणाल्या. "ही किटली. म्हण."

कुत्र्याने जांभई दिली.

"आईला म्हातारचळ लागला," व्हर्ना पुटपुटली.

डेल्मरने मात्र कान टवकारले. हे तर लेकी बोले, सुने लागे. भिंतीकडे बघत त्याने हळूच शब्द म्हटला. चुकलाच.

"मठ्ठ कुठला," सासूबाईंनी कुत्र्याला झापलं. "खायला तेवढा पुढे. पुन्हा म्हण."

हिवाळाभर शिकवणी चालली. डेल्मरच्या लहानपणीचे बुडालेले शब्द एकेक करून वर येऊ लागले. बिचारा कुत्रा फुकट शिव्या खात राहिला.

रानहंस परतले त्या आठवड्यात मुलगी झाली. तिला घरी आणल्यावर डेल्मर खिडकीपाशी गेला आणि क्रीत सांगू लागला. हा बर्फ वितळतोय बघ. ते हंस आले. ही तुझी आई, ती तुझी आजी. कुठेही अडखळला नाही. व्हर्ना रडू लागली.

सासूबाईंनी कुत्र्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"ऐकलंस ना?" त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मला माझ्या भाषेत उलट उत्तर देणारं घरात कुणी नव्हतं रे. आता ही देईल."